मोतीबिंदू दाखवायला गेलो होतो

वयाच्या ६५व्या वर्षी मला चष्म्यावाचून वर्तमानपत्र वाचता येऊ लागले. वीस वर्षे जवळच्या चष्म्याशिवाय ज्याला अक्षर लागत नव्हते त्याला ही गोष्ट इतकी अपूर्व वाटली की पारावर बसणाऱ्या मंडळींना मी ती कौतुकाने सांगत असे, आणि सकाळी अनवाणी चालण्याला तिचे श्रेयही देऊन मोकळा झालो होतो. त्याच सुमारास लांबचे मात्र धूसर होत चालले होते. एसटीच्या पाटीवरचे गाव गाडी अगदी जवळ आल्याखेरीज वाचता येईना आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्याला पिसारा फुटल्यासारखा दिसे. तालुक्याच्या गावी एका चष्म्याच्या दुकानात यंत्रावर नंबर काढून देतात. तेथून मी दोन वर्षांत तीनदा काचा बदलून घेतल्या. प्रत्येक वेळी नंबर वजा बाजूला सरकत गेला, आणि तो का सरकतो हा प्रश्न दुकानदाराला पडला नाही, मलाही पडला नाही. मी ३६ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवले. एखादी संख्या सारखी एकाच दिशेने सरकत असेल तर त्यामागचे कारण शोधावे, असे मुलांना सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांपुरते ते सुचू नये, याची आता लाज वाटते.

गेल्या फेब्रुवारीत मुलगी माहेरी आली होती, तिने आग्रह धरला म्हणून मी तालुक्याच्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. सोलापूर जिल्ह्याच्या आमच्या कोपऱ्यात त्या बावीस वर्षांपासून आहेत. त्यांचे रुग्णालय आठ खाटांचे आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी शस्त्रक्रिया होतात, सोमवारी बाजाराचा दिवस असल्याने ओसरीपर्यंत गर्दी असते, आणि महिन्यातले दोन रविवार त्या आसपासच्या गावांत तपासणीला जातात. मी गेलो तो मोतीबिंदू झाला असणार हे मनाशी धरूनच; आता तारीख घ्यायची, भिंग बसवून घ्यायचे आणि मोकळे व्हायचे, इतकाच माझा हिशेब होता.

आधी सिस्टरने सहा मीटरवरच्या तक्त्यासमोर बसवले. उजव्या डोळ्याने ६/३६ आणि डाव्याने ६/१८ अशी नोंद झाली. ६/३६ म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर ३६ मीटरवरून वाचतो, ते मला सहा मीटरवर येऊन वाचावे लागते. हा अपूर्णांक गेली कित्येक वर्षे मी चष्म्याच्या चिठ्ठ्यांवर पाहत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी प्रथमच विचारला.

डॉक्टरबाईंनी माझा डोळा पाहण्याआधी माझी पिशवी पाहिली. नावनोंदणीच्या वेळीच, घेत असाल त्या सगळ्या गोळ्या, पंप आणि थेंब बरोबर आणा, असे फोनवर सांगितले होते. मला ते जरा जास्तीचे वाटले होते. डोळ्याच्या डॉक्टरला लघवीच्या गोळीशी काय करायचे आहे? त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि तीन वस्तू बाजूला काढल्या. पहिली टॅमसुलोसिनची पट्टी, जी मी प्रोस्टेटसाठी चार वर्षे रोज रात्री घेतो. दुसरा दम्याचा पंप. तिसरी एक छोटी बाटली, जी मी डोळ्यांच्या खाजेसाठी दर उन्हाळ्यात औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणत होतो. या तीन वस्तूंनी पुढच्या सहा महिन्यांचा माझा सगळा प्रवास ठरवला.

टॅमसुलोसिन प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, आणि त्याच जातीचे स्नायू डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्यातही असतात. मोतीबिंदू काढताना बाहुली रुंद आणि स्थिर राहावी लागते. ही गोळी घेणाऱ्यांमध्ये ती ऐन वेळी आकसते आणि तिच्याभोवतीचा पडदा ओल्या कापडासारखा फडफडू लागतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी हे प्रथम नोंदवले. गोळी आठ दिवस बंद ठेवल्याने हा दोष खात्रीने जात नाही. उपाय एवढाच की शस्त्रक्रिया करणाऱ्याला ते आधी ठाऊक असावे. ‘आधी कळलं तर तयारीने बसते, ऐन वेळी कळलं तर घाम फुटतो,’ असे त्या म्हणाल्या आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या पेनाने गोळीचे नाव लिहिले.

खाजेच्या बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. त्यात स्टिरॉइड होते. स्टिरॉइडचे थेंब खाज तत्काळ थांबवतात, म्हणून लोकांना ते गुणकारी वाटतात. ते देखरेखीवाचून महिनोन्महिने घातले तर मोतीबिंदू लवकर आणतात आणि काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढवतात. मी ते तीन उन्हाळे घातले होते. दुकानदाराने एकदाही विचारले नाही हे खरे. त्याने विचारावे असे मला तरी कुठे वाटले होते?

मग यंत्रापुढे हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला चिकटवून बसलो. सिस्टरने बधिर करणारा थेंब टाकला, पिवळा रंग लावलेल्या कागदी पट्टीचे टोक खालच्या पापणीला टेकवले, आणि निळा प्रकाश सोडणारी एक लहानशी दांडी डॉक्टरबाईंनी इतकी हळू पुढे आणली की ती डोळ्याला टेकली कधी ते मला समजले नाही. डोळ्यातला दाब मोजण्याची ही रीत. साधारणपणे तो १० ते २१ असतो. माझा उजव्या डोळ्यात २८ आणि डाव्यात २४ भरला. त्यांनी पुन्हा मोजला, पुन्हा तेच आकडे. लगेच बाहुली मोठी करायचे थेंब टाकतील असे मला वाटले होते, पण त्यांनी आधी आरसे बसवलेले एक भिंग डोळ्यावर ठेवून आतला कोन तपासला. डोळ्यातले पाणी ज्या कोनातून बाहेर वाहते तो अरुंद असेल तर बाहुली मोठी केल्याने दाब एकाएकी चढू शकतो. माझा कोन उघडा होता. मगच थेंब पडले, आणि अर्ध्या तासाने त्यांनी डोळ्याचा मागचा पडदा आणि नस पाहिली.

‘गुरुजी, मोतीबिंदू आहे, तो काढू,’ त्या म्हणाल्या. ‘चष्म्यावाचून पेपर वाचता येतोय ना, ते त्याचंच लक्षण. भिंगाचा गाभा कडक होऊन नंबर वजा झालाय. पण मोतीबिंदू हा तुमचा मोठा आजार नाही.’

मोठा आजार काचबिंदू हा होता. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशी एक खळगा असतो, तो माझ्या उजव्या डोळ्यात वाजवीपेक्षा बराच रुंद झाला होता. मला काही दुखत नव्हते, लाली नव्हती, पाणी येत नव्हते. मोतीबिंदू माणसाला गाठून सांगतो की मी आलो आहे. काचबिंदू, निदान हा उघड्या कोनाचा, काहीच सांगत नाही; तो नजरेच्या कडा कुरतडत जातो, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत असल्यामुळे घरातल्या कोणालाही पत्ता लागत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर भिंग बदलून परत मिळते. काचबिंदूने गेलेली परत येत नाही, उरलेली फक्त राखता येते.

दुसऱ्या आठवड्यात फील्ड टेस्ट झाली. एका डोळ्यावर पट्टी बांधतात आणि पांढऱ्या घुमटात डोके ठेवायला सांगतात. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि घुमटात कुठेही प्रकाशाचा कण लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. पहिल्या मिनिटात जमले. मग बराच वेळ काहीच लुकलुकेना. यंत्र थांबले असावे असे समजून मी सिस्टरला तसे सांगितलेही. ‘चालू आहे गुरुजी, तुम्ही समोर बघत राहा,’ ती म्हणाली. निकालाचा कागद हाती आला तेव्हा उजव्या डोळ्याच्या नकाशात वरच्या बाजूला नाकाकडे एक काळी कमान उमटलेली होती. यंत्र तेथे दिवे लावत होते आणि मी स्वस्थ बसलो होतो. ऐन मध्यभाग शाबूत होता, म्हणून माझे वाचन चालले होते.

‘घरात कोणाला काचबिंदू?’ हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि मी ठामपणे नाही म्हटले होते. कागद पाहिल्यावर मला वडिलांची आठवण झाली. १९८२ साली आमच्या शाळेत नेत्रशिबिर भरले होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला होता, आणि गावोगाव अशी शिबिरे होत. बाके बाहेर काढून वर्गात ओळीने गाद्या घातल्या होत्या, आणि डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. त्या काळी सबंध भिंगच काढून टाकत आणि त्याच्या जागी दुसरे बसवत नसत. रुग्णाला आयुष्यभर जाड काचांचा, दहाच्या आसपास नंबरचा चष्मा लागे. वडिलांबरोबर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या चुलत्यांना त्या चष्म्याने सुईत दोरा ओवण्याइतके दिसू लागले. वडिलांना दिसलेच नाही. ‘शिबिरात डोळा घालवला’ असे आम्ही तेव्हापासून म्हणत आलो, मीही चाळीस वर्षे म्हणत आलो. त्याआधी दोन वर्षे गावातल्या जाणत्यांनी मोतीबिंदू पिकू द्या असे सांगितले होते आणि आम्ही तो पिकू दिला होता.

मी हे सांगितल्यावर डॉक्टरबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. आता निदान करता येणार नाही, असे म्हणून त्यांनी विचारले की शस्त्रक्रियेच्या आधी वडिलांना बॅटरीचा उजेड सगळ्या बाजूंनी ओळखता येत होता का. येत नव्हता. कंदील कुठल्या बाजूला धरला आहे हे ते अखेरच्या महिन्यांत चुकीचे सांगत, ते मला लख्ख आठवते, कारण कंदील धरणारा मीच असे. नुसता पिकलेला मोतीबिंदू असला तरी उजेडाची बाजू कळते. ती कळेनाशी झाली, तर आजार भिंगाच्या मागे, पडद्यात किंवा नसेत आहे असे समजावे. ज्यांना मी चाळीस वर्षे बोल लावला त्या अनोळखी डॉक्टरांच्या हाती बहुधा मरून गेलेली नस आली होती.

केसपेपरवर ‘वडील: काचबिंदू असण्याची शक्यता’ असे लिहून त्यांनी भावंडांची चौकशी केली. आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर तो इतरांना होण्याचा संभव बराच वाढतो. मला धाकटा भाऊ आहे. त्याचे पुढे येईल.

मध्यंतरी मुलीच्या समाधानासाठी पुण्याला एका मोठ्या रुग्णालयातही दाखवून आलो. निदान तेच निघाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र डॉक्टरांनी पाच मिनिटे पाहिल्यावर एका काचेच्या खोलीत भिंगांची दरपत्रके घेऊन बसलेल्या मुलीने मला पाऊण तास समजावले, आणि लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारे, सर्वांत महागाचे मल्टिफोकल भिंगच घ्या, आयुष्यात एकदाच घ्यायचे असते, असा तिचा आग्रह होता. परत आल्यावर डॉक्टरबाईंना विचारले. मल्टिफोकल भिंग आत येणारा प्रकाश निरनिराळ्या अंतरांसाठी वाटून देते, त्यामुळे फिकट आणि गडद यांतला भेद थोडा कमी कळतो. काचबिंदूतही तोच भेद आधी मंदावतो. दोन्ही तोटे एकाच डोळ्यात एकत्र करू नयेत, म्हणून माझ्यासाठी साधे, एकाच अंतराचे, घडीचे भिंग बरे. जवळच्यासाठी चष्मा लागेल. तो तर मला वीस वर्षे होताच.

शस्त्रक्रियेआधी दाब खाली आणायचा होता. काचबिंदूसाठी टिमोलॉल हे स्वस्त आणि जुने औषध आहे, पण पंप पाहिला असल्यामुळे त्यांनी ते लिहिले नाही. त्याने दमेकऱ्याची श्वासनळी आवळू शकते आणि नाडी मंदावू शकते. डोळ्यातला थेंब छातीपर्यंत कसा पोहोचेल, असे मला वाटले. त्याचे उत्तर महिन्याभराने, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, मला माझ्या जिभेवर मिळाले. डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी मोकळी आहे का हे पाहण्यासाठी सिस्टरने पापणीच्या कोपऱ्यातल्या सूक्ष्म छिद्रात बोथट सुई घालून खारे पाणी सोडले आणि ‘घशात आलं का?’ असे विचारले. आले होते, चांगले खारट. थेंब याच वाटेने नाकाघशात उतरतो आणि तेथून रक्तात जातो. म्हणून थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहते आणि वाट बंद होते.

मला लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब रोज रात्री नऊ वाजता सुरू झाला. खाजेची बाटली त्याच दिवशी बंद झाली, मात्र दम्याचा पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही असे त्यांनी दोनदा बजावले. पहिला आठवडा माझे निम्मे थेंब गालावर गेले. बसून मान वर करण्यापेक्षा खाटेवर उताणे पडून, खालची पापणी ओढून तिच्या पन्हळीत थेंब सोडावा, हे सिस्टरने शिकवल्यावर हात बसला. पाच आठवड्यांनी दाब १८ आणि १७ आला, तेव्हा उजव्या डोळ्याची तारीख मिळाली.

भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी मोजतात. ती मोठ्या माणसात २३-२४ मिलिमीटर असते, आणि मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. सिस्टरने माझे माप पाच वेळा घेतले व सरासरी काढली, याचे मला शिक्षक म्हणून समाधान वाटले. रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख या गोष्टी झाल्या. संमतीपत्र मराठीत होते. जंतुसंसर्ग, भिंगाची मागची पिशवी फाटणे, मोतीबिंदूचा तुकडा मागे घसरणे, असे धोके त्यात क्रमाने लिहिले होते, आणि माझ्या कागदावर बाहुलीबद्दल एक ओळ हाताने वाढवली होती.

एप्रिलच्या एका शुक्रवारी सकाळी उजव्या भुवईच्या वर मार्करने बाण काढून मला आत नेले. डोळ्याजवळ दिलेल्या इंजेक्शनची कळ मोजून पाच-सात सेकंद होती, पण तिची भीती मात्र मी आठवडाभर बाळगली होती. पापण्यांवर आणि डोळ्यात तपकिरी जंतुनाशक फिरवले, तोंडावर हिरवे कापड आले, आणि त्याखाली प्राणवायूची नळी ठेवली. ‘खोकला आला तर आधी सांगा, मी हात बाजूला घेईन, न सांगता खोकू नका,’ एवढीच सूचना होती. एका मावशींनी माझा डावा हात आपल्या हातात धरला होता, आणि मला वाटते ती खुणेची व्यवस्था होती, धीर देण्याची नंतर.

दिसत काहीच नव्हते असे नाही. एक पांढरट गुलाबी उजेड होता, त्यात मधूनच निळी छटा पसरली, आणि वरून पाण्याची धार सुरू होती. कानांना मात्र सगळे कळत होते. यंत्राला एक सूर होता, तो चढे, थबके, उतरे. अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत गेलेली बारीक सुई ध्वनिलहरींनी भिंगाचा कडक गाभा फोडते आणि चुरा ओढून घेते. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टराने १९६७ मध्ये ही पद्धत आणली. टाका लागत नाही. मध्येच तो सूर थांबला. डॉक्टरबाईंनी शांतपणे एक शब्द उच्चारला, ‘रिंग’, आणि मला आतल्या आत कळले की बाहुली आकसली असावी. तयार ठेवलेले कडे बसवून त्यांनी ती रुंद धरून ठेवली, हे मला दुसऱ्या दिवशी सांगितले. आदल्या रुग्णाला वीस मिनिटे लागली होती, मला चाळीस. ‘लेन्स द्या’ हे ऐकल्यावर मला १९४९ साल आठवले. लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी त्या वर्षी पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिकच्या छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहिले तरी डोळा ते सहन करतो, असे दिसून आले होते, आणि त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून घेतले. वडिलांच्या शिबिराच्या तेहतीस वर्षे आधी! आमच्याकडे सरकारी शस्त्रक्रियांतून भिंग सर्रास बसू लागले ते १९९४ ते २००२ या काळात, जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोठा प्रकल्प झाला तेव्हा. शाळेच्या वर्गातली शस्त्रक्रिया रुग्णालयात गेली तीही त्याच काळात.

शनिवारी सकाळी पट्टी काढली. पहिली गोष्ट दिसली ती सिस्टरच्या खिशातले पेन, आणि ते निळे होते. हे निळे मी विसरलो होतो. घरी येऊन मी माझी रोजनिशी उघडली. गेली तीन-चार वर्षे मी ती काळ्या शाईने लिहितो अशी माझी समजूत होती. निम्मी पाने निळी निघाली. हाताला लागेल ते पेन मी घेत होतो आणि पिकलेल्या भिंगातून मला दोन्ही काळीच दिसत होती. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले की तीच पाने पुन्हा जुन्या पोथीसारखी पिवळी होऊन शाई काळी होई. हा खेळ मी तीन दिवस इतका खेळलो की बायकोने अखेर रोजनिशी कपाटात ठेवून दिली.

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, वजन उचलायचे नाही, झोपताना डोळ्यावर जाळीदार ढाल, असे सगळे पाळले. दुसऱ्या आठवड्यातली तपासणी मला वायफळ वाटत होती. नजर ६/९ होती, लाली नव्हती, आणि त्या दिवशी भाच्याचा साखरपुडा होता. तरी गेलो. दाब २६ निघाला. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरण्यासाठी स्टिरॉइडचे थेंब घालावेच लागतात आणि सहाएक आठवड्यांत पायरीपायरीने कमी करतात. माझा डोळा स्टिरॉइडला दाब वाढवून उत्तर देणाऱ्यांपैकी आहे, हे त्या खाजेच्या बाटलीने आधीच सुचवले होते. त्यांनी थेंब बदलून सौम्य दिले, मात्रा लवकर उतरवली आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले. तेव्हा २०, पुढच्या पंधरवड्यात १६. साखरपुड्याला गेलो असतो तर हे मला कळले नसते, कारण २६ आणि १६ यांत मला स्वतःला काडीचाही फरक जाणवला नव्हता.

प्रतीक्षागृहात एक जुना तक्ता लावला आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये सुमारे ६६ टक्क्यांचे कारण मोतीबिंदू निघाले, असे त्यावर लिहिलेले आहे. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. मात्र सोमवारच्या गर्दीत बसल्यावर दिसते ते निराळे. शस्त्रक्रियेसाठी आलेली माणसे नातेवाइकांसह, डबे घेऊन, एकदा येतात. आमच्यासारखी, हातात छोटी बाटली असलेली, दर तीन महिन्यांनी एकटीच येतात, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत त्यातली निम्मी गळतात. कोण आले नाही हे डॉक्टरबाईंच्या मदतनिसाला वहीवरून कळते आणि तो फोन करतो. ‘दिसतंय की, मग कशाला येऊ?’ हे उत्तर त्याच्या इतके अंगवळणी पडले आहे की तो ते समोरच्याच्या आधी स्वतःच म्हणून टाकतो.

माझ्या भावानेही हेच उत्तर दिले. तो ५९ वर्षांचा आहे, ऊस आणि दोन म्हशी सांभाळतो, आणि त्याच्या मते ज्याला रात्री मोटार सुरू करायला बांधावरून चालता येते त्याच्या डोळ्यांत काही बिघडलेले नसते. जूनमध्ये तीन सोमवार त्याने निरनिराळी कारणे दिली. चौथ्या सोमवारी मी त्याला वडिलांच्या कंदिलाची गोष्ट सांगितली. ती त्याला आठवत नव्हती. तो काही न बोलता टोपी घालून मोटारसायकलवर बसला.

त्याचा दाब २५ आणि २६ भरला. नसेचा खळगा थोडा संशयास्पद, फील्ड टेस्ट अजून कोरी, एकही काळा डाग नाही. ‘ऑपरेशन कधी मग?’ त्याने विचारले. ऑपरेशन नाही, थेंब, असे कळल्यावर तो निश्चिंत झाला, आणि ते कायमचे आहेत हे कळल्यावर पुन्हा नाराज झाला. त्याला दमा नाही, नाडी ठीक आहे, म्हणून त्याला स्वस्तातले टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ मिळाले. कोपरा दाबून धरायला मी त्याला दवाखान्याच्या ओसरीवरच शिकवले. दोन मिनिटे गप्प बसणे त्याला थेंबापेक्षा जड गेले.

माझ्या डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दोघांचीही फील्ड टेस्ट आहे, एकाच सोमवारी, आणि मदतनिसाने दोघांचे केसपेपर एका रबरात अडकवून ठेवले आहेत. रात्री नऊला माझ्या फोनवर गजर होतो, मी उताणा पडून थेंब टाकतो, कोपरा दाबतो, आणि दोन मिनिटे झाली की भावाला फोन लावतो. तो उचलून ‘टाकला’ म्हणतो. कधी कधी ते इतक्या घाईने म्हणतो की मी फोन तसाच धरून ठेवतो, आणि पलीकडे तो फळीवरची बाटली उचलतो तो आवाज येतो.